लालासाहेबांचं सुतक

आमच्या आष्ट्याचे लालासाहेब म्हणजे सरदार. कुठल्या लढाईचे, ते विचारायचं नाही. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण चहाच्या टपरीवर बसले की दरबारात बसल्यागत बोलायचे. "आमी नांगर धरनाऱ्यातलं न्हाई," हे ठरलेलं वाक्य. तेही कित्येकदा स्वतःच्याच उसाच्या सरीत उभं राहून.

मग नात शिवांजलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला कुणबी दाखला लागला. मुदत तोंडावर आली आणि आमचे सरदार सांगलीच्या अभिलेख कक्षात मोडी वाचणाऱ्यापुढं हात जोडून उभे. "सायेब, कुटं तरी कुणबी बघा की. बारकासा असला तरी चालंल." हसून हसून गल्लीची पुरेवाट झाली.

नोंद सापडली, पण खापरपणजोबांच्या सख्ख्या भावाची. त्यांचा वंश मलकापूरला. त्यांचे कागद आणि वंशावळीवर सही आणल्याशिवाय दाखला नाही, असं कचेरीतले म्हणाले. इथं लालासाहेबांचा चेहरा उतरला. मलकापूरकरांनी जमीन विकून भाजीचा गाडा घातला, तेव्हा "ती आमची भावकीच न्हवं," असं यांनीच गावभर सांगितलं होतं. तिकडचे चुलतभाऊ उदयसिंह वारले तर सुतकसुद्धा धरलं नाही. दुसऱ्याच दिवशी फेटा बांधून लग्नात मिरवले, वर जिलेबी मागून घेतली. पंगतीला मी शेजारीच होतो. काय म्हणावं या माणसाला!

मलकापूरला आम्ही माझ्या गाडीनं गेलो, शिवांजलीला घेऊन. उदयसिंहांच्या पत्नी लीलाबाई दारातच उभ्या होत्या. लालासाहेबांनी फाईल पुढं केली.

"वैनी, पोरीचं वर्स वाया जाईल. तुमच्या जयराजची येक सही..."

"कुनाची वैनी?"

लीलाबाईंनी शिवांजलीकडं एकवार पाहिलं.

"पोरीसाठी करंल त्यो सही. पन भावकीत मयत झाल्यावर अंगूळ करत्यात. मागनं कळलं तरी करत्यात. न्हाणी तिकडं हाय."

मला वाटलं, आता भडका उडणार. पण लालासाहेबांनी मुकाट्यानं सदरा काढला, न्हाणीच्या दगडावर बसले आणि गार पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतला. इतके दिवस मी या माणसाला हसत आलो, तिथं मात्र हसू येईना.

शिवांजली कावरीबावरी झाली. "आबा, हे काय करताय?"

"माजा भाऊ वारला गं," लालासाहेब म्हणाले.