बिल्डताई आणि हेडरचा साचा

नवीन संगणक असो की द्राक्षबागेत बसवायचं इवलंसं सर्किट, बिल्डताईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "त्याला विचारलंत का?"

ताई मूळच्या सटाण्याच्या. लिहिलेला प्रोग्राम यंत्रावर चालेल असा तयार करणं म्हणजे बिल्ड; ते काम त्यांचं, म्हणून त्या बिल्डताई. अंबडच्या आमच्या छोट्या कंपनीत पानांवरचा ओलावा मोजून फवारणीचा इशारा देणारी यंत्रं बनत. त्यांचा सी भाषेतला प्रोग्राम सात-आठ तऱ्हेच्या सर्किटांवर चालवावा लागे आणि प्रत्येकाची कुवत वेगळी. कोणाला काय जमतं हे सांगणाऱ्या हेडर फाइलचा कोरा साचा ताई कधीच हाताने लिहीत नसत. त्या त्या सर्किटाला विचारायच्या प्रश्नांची एक मूळ यादी होती. तिच्यावरून साचा आपोआप तयार होई आणि बिल्डच्या वेळी त्यात उत्तरं भरली जात. प्रत्येक प्रश्न कशासाठी विचारलाय, हे यादीत पूर्ण वाक्यात लिहिलेलं त्यांना लागे. मी एकदा नुसतं 'सेन्सर' एवढंच खरडलं, तर ताई म्हणाल्या, "अगं, उद्या तू रजेवर असशील. वाचणाऱ्याने काय समजायचं?"

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी घाई केली. नव्या ओलावा-सेन्सरची ओळ यादीत न घालता थेट तयार साच्यात टाकली. माझ्या टेबलावर सगळं नीट चाललं. पुढच्या बिल्डला साचा नव्याने तयार झाला, माझी ओळ पुसली गेली आणि ओलावा वाचणारा भाग प्रोग्राममधून गुपचूप गळाला. बिल्ड मात्र बिनतक्रार पार पडलं.

दिंडोरीच्या एका बागेत दोन दिवस भुरभुर झाली आणि यंत्र गप्प राहिलं. ताई मला घेऊन तिकडे निघाल्या. गाडीत मी कारणं जुळवत होते.

बागवाल्या भाऊंनी डावणी रोगाचे डाग पडलेलं पान पुढे धरलं. "ताई, आमी मशिनीच्या भरवशावर बसलो. डावणीनं दोन ओळी गेल्या."

"भाऊ, मशीनचा दोष नाही. आमची चूक झाली." ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला राहवेना. "भाऊ, ते काम माझं होतं. मीच चुकले."

त्यांनी हातातलं पान खाली टाकलं. मग म्हणाले, "बाकीच्या बागांना कळवलं का?"

"सकाळीच. सगळ्यांना," ताई म्हणाल्या.

"मंग बसा. उभ्या काय राहिल्या?"

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला शेजारी बसवलं. ती ओळ आधी मूळ यादीत घालून घेतली आणि मग एक नवी तपासणी माझ्याकडूनच लिहून घेतली: सेन्सरचं उत्तर कोरं राहिलं, तर बिल्ड तिथेच थांबलं पाहिजे.

गेल्या वर्षी ताईंचे वडील अंथरुणाला खिळले आणि त्या सटाण्याला परत गेल्या. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. शेवटच्या दुपारी एक कोरा संगणक माझ्यापुढे ठेवला, "आपलं सगळं बिल्ड पहिल्यापासून उभं कर," म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवून मागे बसल्या. दोनदा बिल्ड कोसळलं. मी वळून पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तिसऱ्यांदा ते पार पडलं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांनी पर्स खांद्याला लावली, माझ्या पाठीवर हलकेच थाप मारली आणि त्या जिना उतरून गेल्या.