शेठना फोन यायचा होता तो दिवस

नव्या मंत्रिमंडळात ज्यांना घ्यायचं त्यांना वरून फोन जात होते, त्या सकाळी मी नेमक्या तशाच एका नंबरवर सात मिनिटं बोलत बसलो. विठ्ठलवाडीकडे जायला रिक्षा कुठून मिळते, एवढंच विचारायचं होतं.

नंबर माझ्या मेहुण्याचा, शरदचा. तो अठरा वर्षं तिथल्या एका आमदारांचा पीए आहे. आमदारांना सगळे शेठ म्हणतात. शेठचा स्वतःचा फोन आगाऊ अभिनंदनांनी तापलेला, म्हणून वरच्यांना शरदचा नंबर दिलेला. शेठ मंत्री झाले की शरद मंत्रालयात जाणार. नाही झाले तर पुन्हा तुंबलेली गटारं आणि रहिवासी दाखले. हे त्यानं त्याच्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं होतं. नंबरचं मात्र मला नंतर कळलं.

"तुम्ही तिथं जाऊन काय करणार?" बायकोनं विचारलं. "शरदच्या जोडीला घरचं कुणी नको?" मी म्हटलं. आणि मटारची पिशवी घेऊन पहाटेच्या एसटीनं ओतूर सोडलं.

माळशेजात धुकं इतकं, की ड्रायव्हरनं काच खाली करून मान बाहेर काढली होती. मुरबाडला चहा घेतला, तोही धुक्यासारखाच होता. साडेदहाला कल्याणच्या स्टँडवर उतरलो, कंबर धरून एका बाकावर बसलो आणि शरदला फोन लावला. रिक्षाचं विचारलं, मग धुकं सांगितलं, चहा सांगितला, शेजारच्या सीटवरचा माणूस खांद्यावर कसा झोपला तेही सांगितलं. शरद मधूनमधून "हो दाजी, हो दाजी" म्हणत होता. मला वाटलं, रंगलाय.

रिक्षावाल्याला शेठच्या बंगल्याचं नाव सांगितलं तर तो हसला. "गेटपर्यंत नाय जाणार काका. जेसीबी आडवा लावलाय."

"जेसीबी कशाला?"

"फुलं टाकायला. मंत्री होणार ना शेठ. आमच्या गल्लीतला खड्डा बुजवायला दोन वर्षांत नाय आला, फुलं टाकायला बरोबर आला."

खरंच, जेसीबीच्या बकेटीत झेंडूच्या पाकळ्या शिगोशीग भरल्या होत्या. बाजूला बेंजोवाले पायऱ्यांवर आपापली वाद्यं मांडीवर घेऊन पेंगत होते. सकाळी सातपासून तसेच होते म्हणे. आंब्याखाली शरद उभा, फोन दोन्ही हातांत धरून, आरतीचं ताट धरावं तसा. मला बघून तो वाकला, पाया पडला, पिशवी घेतली आणि हळू आवाजात म्हणाला, "दाजी, तुमचं बोलणं चालू असताना एक कॉल येऊन गेला. लँडलाइनवरून. उलटा लावला तर लागत नाही."

"मग माझा कापायचा ना."

"दाजींचा फोन कसा कापणार?"

आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला हा मान असतो. तो सरकार बनवण्याच्या आड येऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आत शेठ कडक पांढऱ्या कपड्यांत, सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. चुण्या पडू नयेत म्हणून असावं. माणूस थकलेला दिसत होता. निवडणूक परवडली, ही वाट बघणं नको, असा चेहरा. टीव्हीवर नावं सरकत होती. त्यांच्या आजोबांनी मिठागरावर मीठ ओढलेलं. भिंतीवर त्यांचा फोटो होता, त्यालाही ताजा हार.

वहिनींनी, म्हणजे शेठच्या बायकोनं, मला पाटावर बसवलं. "जेवून घ्या. मंत्री होवो नायतर नको, भाकरी थंड होते." तांदळाची पांढरी भाकरी आणि जवळ्याची (अगदी बारीक सुकी कोलंबी) चटणी. दुसरी भाकरी मोडतोय तोच शरदचा फोन वाजला. तोच लँडलाइन नंबर.

सगळे उभे राहिले. मीही राहिलो, तोंडात घास.

शेठनी फोन कानाला लावला. "हां साहेब... हां... चार." फोन ठेवला. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "पास विचारत होते. शपथविधी बघाला किती जण येतील म्हणून."

म्हणजे शेठ शपथ घेणाऱ्यांत नव्हते, बघणाऱ्यांत होते. पण खिडकीतून आम्हाला उभं राहिलेलं कुणीतरी पाहिलं असणार. बाहेर बेंजो सुरू झाला आणि जेसीबीनं सगळ्या पाकळ्या रिकाम्या गेटावर ओतल्या. शरद हात हलवत धावला. वाजवणाऱ्यांना वाटलं, नाचायला आला. त्यांनी ठेका वाढवला.

बेंजो थांबल्यावर शेठ म्हणाले, "त्यांना जेवाला घाला. सकाळपासून उपाशी हायत." मग मला विचारलं, "कंचं गाव?"

"ओतूर."

"लांबून आलात," ते म्हणाले, आणि आत जाऊन कपडे बदलून आले.

संध्याकाळी शरदबरोबर ठाण्याला, वर्तकनगरला त्याच्या घरी निघालो. कोनगावच्या पुलापासून गाड्या मुंगीसारख्या. मी पुलावर माफी मागितली, बायपासला मागितली, माजिवड्याला पुन्हा मागितली. शरद "असू दे दाजी" म्हणत राहिला. घरी त्याच्या बायकोनं माझ्याच मटारची खिचडी वाढली. तिला सगळं कळलेलं होतं, तरी तिनं मला तूप जास्त वाढलं, त्यानं तर मी आणखीच खचलो.

सकाळी ठाण्याच्या एसटी स्टँडवर शरद सोडायला आला. प्रवासातून माणसं काहीतरी शिकून परततात. मी एवढंच पाहिलं की सरकार बनतं तेव्हा बनवणाऱ्यांपेक्षा वाट बघणारे फार असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच लवकर उठून कामाला लागावं लागतं. शरदच्या फोनवर आठ वाजताच गटाराची तक्रार आली होती.

गाडी लागली. मला राहवेना. म्हटलं, "शरद, पण समज, पहिला फोन मंत्रिपदाचाच असेल. लाइन बिझी लागली म्हणून दुसऱ्याला दिलं असेल, आणि मग तोंडदेखलं पासाचं विचारलं असेल. म्हणजे माझ्यामुळे..."

शरदनं पिशवी माझ्या हातात दिली. सत्तावीस वर्षांत तो मला कधी उलटून शब्द बोलला नव्हता.

"दाजी, तुमच्यामुळे मंत्रिपद जावं, एवढे तुम्ही मोठे नाही. तुम्ही नुसते बोलता फार."