एका घराला एक नोंद

मला पत्रकं लिहिता येतात, दुसरं फारसं काही येत नाही. पत्रकात मथळा आधी सुचतो, मजकूर मागाहून. मथळा झणझणीत असला की खाली काय लिहिलंय ते कोणी तपासत नाही. ही सवय मी नको तिथे नेली आणि एका बाईचं नुकसान केलं. ‘चूक झाली’ असं मोघम लिहून मला सुटायचं नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमच्या संघटनेची खोली शहरात द्वारका चौकाजवळ, एका गॅरेजच्या वर. देणगीत आलेला एक कॉम्प्युटर होता. सुरगाण्याकडच्या पाड्यांवर वेगळी झालेली, पण रेशनकार्ड नसलेली कुटुंबं पुष्कळ. त्यांच्यासाठी तहसील कचेरीनं शिबिर लावलं होतं. यादी आम्ही द्यायची, कार्डं त्यांनी. तिकडच्या आमच्या एक जुन्या कार्यकर्त्या, त्यांना सगळे मावशी म्हणत, पायी फिरून अर्ज भरून घेऊन आल्या होत्या.

यादीसाठी प्रोग्रॅम करायला कॉम्प्युटर क्लास चालवणारा एक मित्र रविवारी फुकट यायचा. त्यानं पहिल्याच दिवशी कोरा कागद पुढे सरकवला.

“यादी कशाची? माणसांची, घरांची, का कार्डांची?”

“लोकांची. तू स्क्रीन दाखव.”

“स्क्रीन काय, संध्याकाळपर्यंत रंगवतो. आत काय ठेवायचं ते आधी ठरव. पाड्यात घरं. घरात काय?”

“घरात कुटुंब. एका घरात एक. पुढे चल.”

“नक्की? कोणाला विचारलंस?”

“क्लासमध्ये पोरांना छळतोस तेवढं पुरे नाही का?”

“बाई, पाया खणलेला नाही नि तू पडद्यांचा रंग निवडतेस,” तो म्हणाला. पण फुकटचं काम, वाद किती घालणार. एका घर क्रमांकाला एक नोंद, असं त्यानं बांधून टाकलं.

मी देवळाली कॅम्पात लष्करी क्वार्टरमध्ये वाढले. एक दार, दारावर नंबर, आत एक कुटुंब. याहून निराळं काही असतं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पुढचे दोन रविवार मी वरची पट्टी लाल हवी की निळी यावर घालवले. जोडाक्षरं फुटत होती म्हणून तीन फॉन्ट बदलायला लावले. यादीला चौकट पाहिजे म्हणून भांडले. मावशी त्याच खोलीत सतरंजीवर बसून अर्ज लावत होत्या. काही ठिकाणी दोन-तीन अर्ज एकत्र टाचलेले. टायपिंगला सोपं जावं म्हणून मी त्या टाचण्या काढून टाकल्या. अर्जाच्या कोपऱ्यात त्यांनी ‘चूल दुसरी’ असं लिहिलेलं होतं. स्क्रीनवर त्याला रकाना नव्हता, तेव्हा ते सोडून दिलं.

काही अर्ज भरताना स्क्रीन विचारायची : हे घर आधीच नोंदवलं आहे, बदल करायचा? मला वाटायचं, मावशींनी चुकून दोनदा भरला. मी ‘हो’ दाबायचे; आधीची नोंद पुसून नवी बसायची.

शिबिराच्या दिवशी कारकून आमच्या यादीवरून नावं पुकारत होता. यादी देखणी होती, त्यानंही तसं म्हटलं. मावशींसोबत आलेली एक विधवा बाई सकाळपासून ओट्यावर बसून होती. मुलाच्याच घरात, मागच्या दाराला तिनं वेगळी चूल मांडली होती. सुनेशी भांडण नव्हतं. “मागून खायचं नाय, येवढंच,” ती मला म्हणाली होती. तिच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं. तिचं आलंच नाही.

मी टेबलाशी गेले. त्या घर क्रमांकासमोर मुलगा, सून, एक पोर.

“हे नाव राहिलंय. मी लिहिते इथे.” मी पेन काढलं.

“ताई, पेनाचं चालत नाही आता,” कारकून म्हणाला. “हाताच्या यादीत घुसडाघुसडी होते म्हणून तुम्हीच मोर्चा आणला होतात ना? साहेबांनी घेतलं मनावर.”

मागे दोघं हसले. मी पेन परत ठेवलं. शिबिर त्या एका दिवसाचंच होतं.

मी बाहेर येऊन तिला सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, “मंग मी कोणाकडं जेवते, आसं लिवलंय?”

कोणाकडेच नाही. मुलाच्या नोंदीतही ती नव्हती.

मावशी म्हणाल्या, “घरं मोजायला तुला कोणी सांगितलं? आमच्याकडं चुली मोजत्यात. मी खोलीतच बसले व्हते की, इचारायचं.”

नंतर मी अर्जांचे गठ्ठे पुन्हा चाळले. एकाच घराचे दोन-दोन, तीन-तीन निघत गेले. मध्येच मी मोजायचं थांबवलं. मित्र म्हणाला, घराच्या जागी चूल घालायची तर सगळं मुळापासून उपटावं लागेल. संघटनेच्या बैठकीत मी तसं मांडलं. वरिष्ठ म्हणाले, “कशाला? देणगीदार पाहुण्यांना आपण तीच यादी दाखवतो. चांगली दिसते.” मी चिडून एक पत्रक लिहिलं. ते छापलं गेलं नाही.

दुसरं शिबिर लागलं नाही. कचेरीतून तोंडी सल्ला आला : मुलाच्या कार्डात नाव वाढवून घ्या, पण एकत्र राहत असाल तर. पाहणीला माणूस येणार होता. वर्षभरानं मी पाड्यावर गेले, तेव्हा मागच्या दारापाशी जमीन सारवून सपाट केलेली होती. त्या बाईनं चूल स्वतःच्या हातानं मोडली होती. सून आत भाकरी थापत होती आणि ती उंबऱ्याशी बसून, वाढतील तेव्हा खाऊ म्हणून, थांबली होती.