बंद घड्याळातल्या आठ गोळ्या

घड्याळजींनी उभ्या आयुष्यात कुणाचं घड्याळ बिघडवलं नाही. फसले ते एकाच ठिकाणी: घड्याळाचा नियम त्यांनी स्वतःच्या हाडांना लावला.

वय चौऱ्याहत्तर. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, दक्षिणेला मोठी बंद काचेची खिडकी आणि तिला चिकटून कामाचं टेबल. हे पोटाचं काम. मानाचं काम वेगळं होतं. दर सोमवारी बाजारातल्या मनोऱ्याच्या चौसष्ट पायऱ्या चढायच्या आणि वरच्या मोठ्या घड्याळाला चावी द्यायची. एकतीस वर्षं मनोऱ्याची किल्ली त्यांच्या कमरेला होती. सगळा बाजार त्यांच्या वेळेने दुकानं उघडायचा, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत.

एका सोमवारी चाळिसाव्या पायरीवर मांड्यांनी दगा दिला. घड्याळजी मटकन खाली बसले. नेमका मागून बाजार कचेरीचा कारकून येत होता. तिसऱ्या दिवशी पत्र आलं: चावी देणाऱ्याचा डॉक्टरी दाखला आणा, तोवर किल्ली मनोऱ्याच्या पहारेकऱ्याकडे.

सूनबाई त्यांना दवाखान्यात घेऊन गेली आणि जाता जाता घरातच राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीलाही रिक्षात बसवलं. अक्का एकोणऐंशीच्या. दोघांचं रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व घड्याळजींचं नऊ, अक्कांचं अकरा.

"निदान वीसच्या वर हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझं कमी? मी चाळीस वर्षं उन्हात बसून काम करतोय!"

"खिडकी उघडी असते?"

"उघडी? धुळीचा एक कण चाकात गेला तर..."

"मग काचेतून नुसती ऊब येते, आजोबा. कामाचं ऊन बाहेरच राहतं."

अक्का खुदकन हसल्या.

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तेच औषध लिहून दिलं: आठवड्याला एक गोळी, साठ हजार युनिटची, आठ आठवडे. "तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आकडा वीसच्या वर गेला आणि हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठलात, तर दाखल्यावर सही करते."

घरी येताच घड्याळजींचा पारा चढला. "साठ हजार! एका घोटात! घड्याळाला तेल सुईच्या टोकाने देतात. डबा ओतला तर दोन दिवसांत चिकटून बसतं."

"तुम्ही घड्याळ नाही आहात, बाबा," सूनबाई म्हणाली.

"मला तर मनोराही चढायचा नाही," अक्का म्हणाल्या. "मी ताटातून भरून काढीन. अंडी, मासे, दूध. माझ्या गोळ्या आणू नकोस, पैसे फुकट जातील."

अक्कांचं 'नाही' म्हणजे दगडावरची रेघ. त्यांचा कागद खणात गेला. सासऱ्यांच्या गोळ्या मात्र आल्या. सूनबाई शाळेत शिक्षिका. परीक्षेत बाकाखाली कुठला कागद सरकतोय, हे ती पाठमोरी उभी राहून ओळखायची. दर रविवारी सकाळी ती पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची.

"घ्या. गिळा. आ करा. जीभ वर."

तोंड रिकामं असायचं. असणारच, कारण गोळी तोंडात गेलेलीच नसायची. मिशीच्या केसाएवढा स्क्रू दोन बोटांच्या बेचक्यात धरून ठेवणारा माणूस तो! मधाच्या रंगाची ती मऊ गोळी त्यांच्या मुठीत अशी बसायची, की मूठ मूठ वाटायची नाही.

प्रश्न होता तो लपवायचा. केरात टाकली तर सूनबाई पकडणार. मधल्या खोलीत त्यांच्या वडिलांचं लाकडी पेटीतलं भिंतीवरचं घड्याळ होतं, वीस वर्षं बंद. "मेलंय ते, हात लावू नका," असा निकाल घड्याळजींनीच दिला होता, आणि घरात कुणी तो मोडला नव्हता. पेटीच्या माथ्यावर एक फट होती. रविवारी गोळी फटीतून आत. टुप. पुढचा रविवार, पुन्हा टुप. अशा आठ.

बाकी भिस्त अंड्यांवर. रोज चार अंडी उकडायची, दोन बलक अक्कांना, दोन यांना. पांढरं सूनबाईच्या डब्यात. ती बिचारी तीन महिने पांढरंच खात होती. आठवड्यातून दोनदा मासे. जेवणाच्या टेबलावर बहीणभाऊ समोरासमोर बसायचे.

"काय रे, तुला तर गोळी चालू आहे. बलक कशाला?"

"चवीला."

"हं," अक्का म्हणायच्या आणि ताटात बघायच्या.

इकडे पहारेकरी मनोऱ्यावर आठवणीने आणि अंदाजाने चावी देत होता. घड्याळ अकरा मिनिटं मागे पडलं. घड्याळजी दुकानातून रोज ते टोले ऐकायचे आणि दातदुखी झाल्यासारखा गाल धरायचे. किल्ली परत मिळाली नाही, तर हा माणूस बाजाराचा दिवसच उद्यावर नेऊन ठेवील, असं त्यांचं मत होतं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

"आजोबा तेरा. आजी चौतीस."

"नावं बदलली असतील," सूनबाई म्हणाली. "गोळ्या बाबांनी घेतल्यात. आठच्या आठ. माझ्या डोळ्यांसमोर!"

"बघू या. उठा बरं खुर्चीतून."

अक्का पाच वेळा उठल्या आणि सहाव्यांदा हौसेने. घड्याळजींचा हात तिसऱ्या वेळी टेबलावर गेला.

"आजी, तुम्ही काय घेतलंत?"

"अंडी," अक्का भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या.

"अंडी चांगलीच. पण एका बलकात चाळीसेक युनिट असतात. तुमच्या वयाला रोज आठशेच्या आसपास लागतात. माशांनी थोडी भर पडते, पण चौतीसपर्यंत यायला कोंबड्यांचं खुराडंच घालावं लागेल."

घड्याळजींना क्षणभर वाटलं, ओरडावं: बघा, ताटाने केलं! पण ते मापाचे माणूस. बलक दोन तिला, दोन आपल्याला, एकाच भांड्यात उकडलेले. एकाच तेलावर दोन घड्याळं चालताहेत आणि एक अडीच पट जोरात पळतंय, म्हणजे दुसरीकडून काहीतरी पडलंय.

घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. तडक मधल्या खोलीत गेले आणि दारातच थांबले.

टिक. टिक. टिक.

मेलेलं घड्याळ चालत होतं. लंबक संथपणे हलत होता. त्यांनी पेटीचं दार उघडलं. आत धूळ नाही, जाळं नाही, आणि गोळी एकही नाही. दात तुटलेल्या चाकाच्या जागी दुसरं चाक. त्यांच्याच भंगाराच्या डब्यातलं.

"तेल सुईच्या टोकानेच दिलंय," मागून अक्का म्हणाल्या. "आज निघतानाच लंबक हलवला. तपासून घे."

"तू उघडलंस?"

"तुझ्या आधी आपल्या बाबांच्या शेजारी स्टुलावर कोण बसायचं? तुला मिशा फुटायला लागल्या तसं स्टूल तुला मिळालं आणि मला स्वयंपाकघर. दुपारी तू दुकानात गेलास की वेळच वेळ. दार उघडलं तर तळाला दोन गोळ्या. म्हटलं, धाकटा काही सुधारायचा नाही. पुढच्या रविवारी तिसरी आली."

"आणि तू खाल्ल्यास?"

"आठवड्याला एक. माझ्याही कागदावर तेच लिहिलं होतं."

"मग सरळ मागून घ्यायच्या!"

"सुनेसमोर एकदा नाही म्हटल्यावर?"

दारात सूनबाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तीन महिने मी पांढरं खाल्लं."

दुसऱ्या दिवशी सगळी वरात पुन्हा दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी आधी अक्कांना सुनावलं: दुसऱ्याच्या गोळ्या पुन्हा खाल्ल्यात तर खबरदार, हे जास्त झालं तर मूत्रपिंडाला महाग पडतं. मग घड्याळजींना. सही नाही. आठ आठवडे पहिल्यापासून.

"आणि तोवर तो पहारेकरी?" घड्याळजी कासावीस झाले. "आत्ता अकरा मिनिटं मागे आहे!"

"पत्रात काय लिहिलंय रे?" अक्कांनी विचारलं. "चावी देणाऱ्याचा दाखला. कुणाचं नाव आहे का त्यात? नाही ना? मग डॉक्टरीणबाई, माझा लिहा."

डॉक्टरीणबाईंनी अक्कांना दवाखान्याच्या जिन्यावरून दोनदा वरखाली करायला लावलं. मग लिहिलं: कठडा धरून, सावकाश, सोबत पहारेकरी हवा. कारकुनाने कागद चार वेळा वाचला. त्याला त्यात चूक सापडली नाही.

सोमवारी अक्का मनोरा चढल्या. घड्याळजी खालच्या पायरीवर उघड्या उन्हात बाह्या वर सारून बसले, हातात खिशातलं घड्याळ. वर चावीची करकर ऐकू आली. मग काटा अकरा मिनिटं पुढे सरकला आणि मिनिटाला मिनीट जुळलं. घड्याळजींनी चूक शोधून पाहिली. नव्हती. त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

अक्का खाली आल्या, पाण्याची बाटली पुढे केली आणि त्यांच्या तळहातावर गोळी ठेवली. घड्याळजींनी हात तोंडाकडे नेला, घोट घेतला आणि सवयीने आ करून जीभ वर केली.

"तोंड मीट," अक्का म्हणाल्या. "मूठ उघड."

त्यांनी डावी उघडली.

"उजवी."

उजवीही रिकामी होती. अक्कांनी दोन बोटांमधली बेचकी वाकून तपासली. मग कमरेची किल्ली काढून त्या हातावर ठेवली.

"धर. घरापर्यंतच."