जिवतीची भिंत

माझे वडील रत्नागिरीच्या कोर्टात कारकून होते आणि आम्ही ज्या कौलारू घरात भाड्यानं राहायचो, त्याच घरात देशाच्या एका फार मोठ्या पुढाऱ्याचा जन्म झाला होता. ते पुढारी वारले आणि आमच्या घराची धर्मशाळा झाली. मुंबईहून आगबोटीनं उतरलेली माणसं आधी आमच्या ओटीवर येऊन विचारायची, जन्म नेमका कुठल्या खोलीत झाला? वडील मधली खोली दाखवायचे. त्यांनाही ते घरमालकांनीच सांगितलेलं. माणसं उंबऱ्यावर डोकं टेकायची आणि मी मनात म्हणायची, झालं असेल तर निघा आता, मला केर काढायचाय.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात भिंतीवर आईनं काढलेली जिवती होती. श्रावणात मुलांच्या आयुष्यासाठी जिवती पुजतात. बाजारात छापील कागद मिळायचा, पण आईला तो आवडत नसे. ती गेरू कालवून स्वतः काढायची, मांडीवर एक मूल आणि भोवती चार. त्यातली परकरातली मी, असं तिनंच सांगितलं होतं. मी दहा वर्षांची असताना श्रावणात तिनं ती काढली आणि भाद्रपदात हिवतापानं आई गेली. दिवाळीला घराला चुना लावताना वडिलांनी तेवढा हातभर तुकडा सोडायला सांगितला. आईचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. तिच्या हातचं म्हणून उरलं होतं ते एवढंच, आणि मी रोज तिथे दिवा लावायची.

दोन वर्षांनी घराचं स्मारक करायचं ठरलं. आम्हाला जागा सोडायची होती, तरी वडिलांना आनंदच झाला होता. पाहणीला गावातले चार प्रतिष्ठित गृहस्थ आले. दिव्याच्या काजळीनं जिवती पार काळवंडली होती. भोवतीची भिंत पांढरी आणि मध्ये तेवढाच जुनाट तुकडा राखलेला, हे बघून त्यांच्यातल्या वयस्कर वकिलांनी तो त्या काळचाच असं धरलं. पुढाऱ्यांच्या आईनं लेकासाठी पुजलेली जिवती ही, असं म्हणत त्यांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले. तिथल्या तिथे काच बसवायचं ठरलंही. वडील दाराशीच होते, ते मंडळींना ओटीपर्यंत पोचवून आले.

आमचं इकडे आड तिकडे विहीर झालं. पुढाऱ्यांच्या काळचं नसेल ते सगळं काढायचं ठरलेलं होतं. म्हणजे खरं सांगावं तर भिंतीवर चुना, आणि गप्प बसावं तर आई राहणार, पण दुसऱ्याची होऊन. मला विचाराल तर मी जन्मभर गप्प बसले असते. तसं मी वडिलांच्या पाया पडून सांगितलंही. आठ दिवस त्यांना नीट जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी ते वकिलांकडे जाऊन खरं सांगून आले.

वकील खजील झाले, त्यांनी वडिलांचेच आभार मानले. सोमवारी चुनेवाला आला. कुंच्याचे दोन हात फिरले आणि कोपरा स्वच्छ झाला. मला सगळ्यांचा राग आला होता, सगळ्यांत जास्त वडिलांचा. काय मिळवलंत, असं मी त्यांना तोंडावर विचारलं.

ते म्हणाले, "अगो, लोक तिच्यापुढे हात जोडणार आणि नाव दुसऱ्याच्या आईचं घेणार. मला ते ऐकवलं नसतं."

मी केरसुणी घेतली आणि कोपऱ्यात सांडलेला चुना झाडून काढला.

खोली लोकांना उघडली त्या दिवशी आम्हाला मानानं बोलावणं होतं. समोरच्या भिंतीवर पुढाऱ्यांची मोठी तसबीर होती, हार होते, गर्दी होती. माझी पाळी आली तेव्हा मी कोपऱ्याकडे वळले आणि त्या कोऱ्या भिंतीला हात जोडले. माझ्यामागे संगमेश्वराकडची एक म्हातारी होती. पोरीला कळत नाही असं तिला वाटलं असणार. तिनं मायेनं माझे खांदे धरले.

"गो बाय माजे, तसबीर हतं हाय," ती म्हणाली आणि तिनं मला वळवलं. मी वळले.