आत बघणारा माणूस

दुसऱ्याच्या आत डोकावण्यात माणमधल्या आमच्या घरमालकांचा हात धरेल असा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडणार नाही. झाकण दिसलं की ते उचलायचं, भोक दिसलं की त्याला डोळा लावायचा, आणि दोन्ही नसेल तर स्क्रू ड्रायव्हर आणायला जायचं. जमीन आयटी पार्कात गेली, भाताची खाचरं गेली, तेव्हा त्यांनी भाड्याच्या सहा खोल्या बांधल्या आणि त्यांना बघायला सहा बिऱ्हाडांचं अंतरंग मिळालं. मी राहायला आलो त्या दिवशी खालून दूध घेऊन वर येतो तर मालकांचं मुंडकं माझ्या तांदळाच्या डब्यात. मी हादरलोच. माझं बालपण पत्रकांवर गेलेलं. वडील चौकाचौकात चळवळीची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवायचो. त्यामुळे माणसाच्या खासगीपणाचा हक्क या विषयावर मी त्यांना उभ्याउभ्या एक भाषण दिलं. त्यांनी शांतपणे डोकं बाहेर काढलं. म्हणाले, "हक्क ऱ्हाऊ द्या. तांदळात किडं हायेत. लिंबाचा पाला टाका."

किडे होते. त्यांच्याशी भांडणाऱ्याची अडचण कायम हीच व्हायची. शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याचं वॉशिंग मशीन त्यांनी न विचारता उघडलं, तो तणतणत आला, आणि मालकांनी त्याच्या हातात आतल्या नळीत अडकून बसलेला मोजा ठेवला. पण त्यांच्या आयुष्यातला परमोच्च दिवस म्हणजे बोअरमध्ये मोटर अडकली तो. बोअरवाल्यानं दोरीला कॅमेरा बांधून आत सोडला आणि मालक जेवणखाण सोडून तीन तास त्या छोट्या पडद्यासमोर बसले. पुढं महिनाभर भेटेल त्याला सांगत होते, "जिमिनीच्या पोटात काय चाललंय ते खुर्चीत बसून दिसतंय. आता लपवायचं काय ऱ्हायलं?"

म्हणून त्या सकाळी काकू, म्हणजे मालकीणबाई, माझ्या दारात आल्या आणि बोलल्या ते ऐकून माझा विश्वास बसेना. "चार महिनं झालं, संडासला रक्त पडतंय ह्यांच्या. डॉक्टर म्हणत्यात, नळी घालून आतडं बघाया पायजे, गाठ असंल. ह्ये न्हाईच म्हणत्यात. तुमी शिकल्यालं हाय, तुमी सांगा."

मी तरातरा खाली गेलो. "जगाच्या आत बघता आणि स्वतःच्या आत बघू देत नाही?" मालकांनी सदऱ्याच्या खिशातून एक चौघडी घातलेला कागद काढला, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचला. "'पोट दुखलं की नळी! नळीमागे बिल! बंधूंनो, नळीला नकार द्या!'"

पत्रक माझं होतं. साध्या अपचनालाही आधी नळीची तपासणी सांगणाऱ्या एका दवाखान्याविरुद्ध मी ते लिहिलं होतं आणि आठवडी बाजारात स्वतः वाटलं होतं. लिहिलेल्या शब्दानं माणसं जागी होतात, असं मला लहानपणापासून सांगितलं होतं. त्या शब्दाच्या आधारानं कुणी चार महिने रक्त लपवेल, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी कागद हिसकावायला हात पुढं केला तर म्हणाले, "फाडू नका. एकच प्रत हाय."

"मी चुकीचं लिहिलं, मालक."

"तवा तर लई ठणकावून लिव्हलंय," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "पत्रकवाले, खरं सांगू? लाज वाटती. वरनं डॉक्टरीण बाई हाय."

नुसतं ऐकून तरी घ्या, म्हणत मी त्यांना त्या बाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी आधी पत्रक वाचलं. "यातलं अर्धं खरं आहे," त्या मला म्हणाल्या, "कुठलं अर्धं, ते लिहायचं राहिलंय." मग मालकांना साफ सांगितलं. कॅमेऱ्यानं गाठ बघायची. वरवरची वाटली तर तिच्याखाली पाणी भरून ती उचलायची आणि तारेच्या फासात धरून आतूनच कापायची. पोट चिरायचं नाही. क्वचित रक्त जातं, क्वचित आतड्याला भोक पडतं. ते बहुतेकदा आतूनच बंद करता येतं, नाहीतर ऑपरेशन. आणि गाठ खोल रुजलेली निघाली तर हे पुरणार नाही, मोठं ऑपरेशन करावंच लागेल. मी धोक्यांची यादी ऐकून पांढरा पडलो. मालक मात्र पहिल्यांदाच पुढं सरकून बसले. पोट साफ करायच्या औषधाचं ऐकल्यावर तर त्यांना सगळंच पटलं. "म्हंजी आधी बोअर फ्लशिंग करायचं. व्हय, त्याबिगर पडद्यावर दिसंल कसं?"

एकच अट त्यांनी घातली. पडदा आपल्याकडं वळवायचा. बाईंनी वळवलाही. पण गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर मालक जे घोरायला लागले ते गाठ निघून बाटलीत गेल्यावरच उठले. मी आणि काकू बाहेर बाकावर तासभर बसलो होतो. आत गेल्यावर मालकांचं पहिलं वाक्य, "समद्यांनी बघितलं, मीच न्हाई बघितलं." त्यांच्या चेहऱ्यावर असं दुःख मी जमीन जातानाच्या गोष्टी सांगतानाही पाहिलं नव्हतं.

रिपोर्ट येईपर्यंत मला रोज ते पत्रक आठवत होतं. रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरकडे झुकू लागली होती, पण खोल गेली नव्हती; कापलेल्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे आत काही उरलं नव्हतं. काही महिन्यांनी पुन्हा आत बघायचं. भेटायला आलेले पाहुणे टाके दाखवा म्हणायचे, तेव्हा मालक आतड्याचा रंगीत फोटो काढून दाखवायचे आणि पाहुण्यांचा चहा तसाच राहायचा. दवाखान्यांच्या लुटीवर मी अजून लिहितो, लिहीत राहणार. फक्त आता सगळ्यात वर ठळक ओळ असते: रक्त पडत असेल तर आधी तपासून घ्या, भांडू नंतर.

मालक मात्र बदलले. आता माझं दार वाजवतात. "आत येऊ का?" विचारतात. आले की खुर्चीच्या टोकाला बसून छताकडं बघतात. एकदा मीच म्हटलं, "डबा बघा की." तर म्हणाले, "नगं. आपल्या आत कुणी बघितलं की कसं वाटतं, ते कळलं आता."

पुढच्या आठवड्यात त्यांची पुन्हा तपासणी आहे. या वेळी पडदा जागेपणी बघायचाच, असा त्यांचा बेत आहे. काकूंनी काळजीनं कालपासून जेवण टाकलंय. माझ्या तांदळात परत किडे झालेत. मी पाला आणलेला नाही. डब्याचं झाकण काढून तो दाराजवळ, आत येणाऱ्या मालकांच्या पायात येईल असा ठेवलाय.