संगीताचा चाकू परत करायला हिंगणीला

विमानानं पुण्याहून नागपूर दीड तासात. तरी मी वर्ध्याला रेल्वेनं गेले, कारण माझ्याबरोबर एक चाकू होता आणि तो मला नजरेआड होऊ द्यायचा नव्हता. नवरा म्हणाला, "खाली सामानात टाक, तिथे चालतो." बरोबरच होतं त्याचं. पण मागच्या वर्षी माझी बॅग मला सोडून बंगळुरू फिरून आली होती, तेव्हापासून माझा त्या सरकत्या पट्ट्यावर विश्वास उरलेला नाही.

चाकू साधाच आहे. घडीचा, लाकडी मुठीचा, मिटला की चार बोटं लांब. संगीतानं तो पहिल्या पगारातून घेतला होता. वर्ध्यात माती तपासायच्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघी एकदमच लागलो आणि दोन वर्षं एका खोलीत राहिलो. ती हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरची, शेतकऱ्याची मुलगी. मी पुण्याची, मला गाठसुद्धा धड मारता यायची नाही. काहीही बांधलं की निरगाठच बसायची. मग संगीता चाकू काढून ती कापायची आणि चाकू माझ्या हातात न देता खाली ठेवायची. "चाकू हातात देऊ नाई, भांडण होते. खाली ठेवावा, दुसऱ्यानं उचलावा." मी यावर दोन वर्षं हसले.

मग तिनं नोकरी सोडून हिंगणीच्या एका भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्याशी लग्न करायचं ठरवलं. वडनेरला बोलणी होती, मीही गेले होते. पपई कापायचं काम माझ्याकडे. "हे बघ, काही होत नाही," असं म्हणत मी उघडा चाकू मुद्दाम तिच्या हातात ठेवला. आणि तासाभरात, तिच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांसमोर, "शेणातच हात घालायचे होते तर एवढं शिकलीस कशाला?" असंही मीच म्हणाले. संगीता म्हणाली, "तुझी बस लागली असन." मी ताटातला चाकू उचलला, पुसला, मिटला आणि सवयीनं स्वतःच्या पर्समध्ये टाकला. लग्नाची पत्रिका आली नाही. याला सतरा वर्षं झाली.

चाकू परत करायचं डोक्यात नव्हतं असं नाही, पण लाज वाटायची आणि लाज वाटते म्हणून मी तो रोज वापरत राहिले. परवा धार लावणाऱ्याकडे नेला तर तो म्हणाला, "बाई, पातं अर्धं संपलंय. अजून चार-पाच वेळा घासलं की नुसती मूठ उरेल." म्हणजे आता नाही तर परत करण्याजोगं काही राहणारच नव्हतं. जुन्या एका सहकाऱ्याकडून नंबर मिळवला आणि लिहिलं, "येऊ का?" दोन दिवसांनी उत्तर आलं, "येजो." एवढंच. त्यात राग होता की नुसतंच तिकडचं 'ये', ते मला काही कळेना.

तर प्रवास. पुण्याहून संध्याकाळची गाडी घेतलीत की सकाळी वर्धा. जानेवारीत स्वेटर हवाच. बडनेऱ्यापर्यंत समोरच्या बर्थवर एक मावशी होत्या, त्यांच्याकडे पेरूची पिशवी. तिकडे पेरूला जाम म्हणतात. त्यांनी चाकू मागितला, मी तो बर्थवर ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चाकू उचलला.

"पुण्याच्या ना तुम्ही? मंग हे कोनं शिकवलं?"

"मैत्रिणीनं."

"चांगली मैत्रीण आहे," मावशी म्हणाल्या आणि मीठ लावलेली फोड माझ्या पुढ्यात ठेवली.

वर्ध्याला उतरून बाहेरच तर्री-पोहे खाल्ले. तीस रुपयांत डोळ्यांतून पाणी. सेवाग्राम इथून ऑटोनं जवळ आहे आणि जरूर जा, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी नाही लिहीत. हिंगणीसाठी बसस्टँडवर चौकशी करा. थेट एसटी मिळाली तर उत्तम, नाहीतर सेलूपर्यंत एसटी आणि पुढे ऑटो. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे एसटीत पुरुष कमी आणि गप्पा जास्त.

माझ्या शेजारच्या बाईंच्या पोत्याचं तोंड सीटच्या लोखंडात अडकलं होतं. सुतळीला निरगाठ, दातांनीही सुटेना. मी चाकू काढून सुतळी कापली, पोतं मोकळं झालं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"ताई, पर्समध्ये चाकू घेऊन फिरता तुम्ही?"

"हो."

"पुण्यात एवढं वाढून राह्यलं का?"

सगळी बस हसली. मी त्याला सांगितलं की आजवर या चाकूनं दुधाच्या पिशव्या सोडून कुणालाही भोसकलेलं नाही.

सेलूला उतरून ऑटो केला आणि सरळ हिंगणीला जायचं सोडून बोर धरणावर गेले. धरण बघायला, असं इथे लिहिता आलं असतं, पण खरं म्हणजे वेळ काढायला. तुम्ही मात्र बघायलाच जा. हिवाळ्यात पाणी भरपूर असतं, तिन्ही बाजूंनी सागाचं जंगल, पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले. वाघ बघायचा असेल तर सफारीचं बुकिंग आधी करून जा. ऐनवेळी गेलेल्या एका कुटुंबाला मी गेटवर तोंड पाडून उभं असलेलं पाहिलं.

परत येताना ऑटोचा हॉर्न गेला. ड्रायव्हरनं सीट उचलून एक तुटकी वायर बाहेर काढली आणि ती दातानं सोलायला लागला. मी चाकू सीटवर ठेवला. त्यानं दोन्ही टोकं सोलली, पीळ दिला, हॉर्न वाजला.

"कोनाकडे जाऊन राह्यल्या हिंगणीत?"

मी संगीताच्या नवऱ्याचं नाव सांगितलं.

"दिनकरभाऊ? त्यायची वांगी तं वर्ध्यात बाजार उघडायच्या आत संपते. वहिनी लय हुशार आहे त्यायची."

ठरले होते चारशे, घेतले साडेतीनशे. म्हणाला, पन्नास वायरचे.

संगीता अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. केस थोडे पांढरे, बाकी तशीच. मला येताना पाहिलं तरी तिचे हात थांबले नाहीत.

"आली का? बस. चहा घेतं?"

गाडीत रात्रभर पाठ केलेलं सगळं भाषण मी विसरले. अंगणात बाज होती. मी चाकू पर्समधून काढला, मिटलेलाच, आणि बाजेवर ठेवला. खाली ठेवावा, दुसऱ्यानं उचलावा. दोन वर्षं मी ज्याला हसले तो नियम आता मी परीक्षेला बसल्यासारखा पाळत होते.

तिनं चाकूकडे पाहिलं. मग चहा टाकायला आत गेली.

या रिवाजाची ही बाजू मला तोवर माहीत नव्हती. हातात दिलेली वस्तू घ्यावीच लागते. खाली ठेवलेली न उचलायची मुभा समोरच्याला असते.

दुपारभर मी जुड्या बांधल्या. माझ्या चार होईपर्यंत तिच्या पंधरा. सुतळी ती विळ्यानं कापत होती, चाकू हातभर अंतरावर पडलेला. सासूबाईंनी ज्वारीची भाकरी आणि भरीत वाढलं, पुण्याचं पाणी कसं, मुलगी कितवीत, सगळं प्रेमानं विचारलं. त्या जुन्या वाक्याचं त्यांनी नावही काढलं नाही, त्यामुळे मला भाकरी आणखीच जड झाली. संध्याकाळी दिनकरभाऊ शेतातून आले, पोत्याचं तोंड शिवायला बसले आणि सुतळी तोडायला सहज चाकूकडे हात नेला.

"राहू द्या तो," संगीता म्हणाली. "तिचा आहे."

त्यांनी निमूट विळा घेतला. मी आत जाऊन पाणी प्यायले. तहान लागली नव्हती.

सकाळी दिनकरभाऊ माल घेऊन वर्ध्याला गेले, तेव्हा नुकतं उजाडत होतं. संगीता अंगण झाडत होती. आता नाही तर अकराच्या एसटीत बसून रडायचं, एवढंच शिल्लक होतं. मी म्हणाले, "संगीता, मी चुकले. तुझ्या सासरच्या माणसांसमोर मी बोलले ते अगदी नीच होतं. मला तेव्हाच कळलं होतं आणि तरी मी सतरा वर्षं आले नाही."

झाडू थांबला.

"त्या बोलण्याचं नाई वाटलं मले एवढं," ती म्हणाली. "पहिले तीन वर्षं इथं काईच पिकलं नाई. एकदा पुरी वांगी सडली. तवा कोनाले सांगाव असं एकच माणूस होतं. तुले सांगायचं होतं मले. अन् तुलेच सांगता येत नव्हतं, तू म्हणली असती, पाय, मी म्हणलं होतं ना."

मी रडले. ती रडली नाही, ती अंगण झाडायला लागली. झाडता झाडता बाजेजवळ आली आणि थबकली.

चाकूवर दव पडलं होतं.

"रातभर बाहीर? गंजून जाईन ना तो," असं म्हणून तिनं चाकू उचलला, पदरानं पुसला, सवयीनं उघडला. आणि पातं बघून तिचा चेहरा बदलला.

"हे काय केलं माह्या चाकूचं?"

"धार लावून लावून झालं."

"अर्धा खाल्ला तू. कापत काय होती, रेल्वेचे रूळ?"

"सांगू?"

"सांग. आता सांगच."

ती बाजेवर बसली. मी सांगायला लागले. माझ्या लग्नातल्या आहेरांच्या दोऱ्या, कारण घरात कात्री सापडेना. मुलीच्या पहिल्या वर्षी तिच्या सगळ्या स्वेटरांच्या मानेमागची टोचणारी लेबलं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा सफरचंद, अगदी पातळ काप, कारण त्यांना चावता येत नव्हतं. आणि शेवटी त्यांच्या मनगटावरची दवाखान्याची पट्टीही. घर बदललं तेव्हा साठ खोकी, सगळ्यांना माझ्या निरगाठी. मुलीच्या पेन्सिली, तिला यंत्रानं केलेलं टोक आवडायचं नाही. कुंड्यांतल्या वाळक्या फांद्या, औषधांची पाकिटं, आंब्याच्या पेट्या, पतंगाचा मांजा, चपलेच्या पट्ट्यात जादा भोक.

ती मधेमधे विचारत होती. बाबा कधी गेले? मुलगी कोनावर गेली? नवरा आंबे कापून देते का नाई? चहा दोनदा झाला. अकराची एसटी गेली, मी दोनची धरायचं ठरवलं. मग तिची पाळी. सडलेली वांगी, पहिलं ठिबक, सासऱ्यांनी नातेवाईकांत पहिल्यांदा "आमची सून मातीची डॉक्टर आहे" असं सांगितलं तो दिवस. बोलता बोलता तिनं परसातली पपई आणली, अर्धी कापली आणि चाकू माझ्यापुढे धरला. मूठ माझ्याकडे, पातं तिच्याकडे.

मी हात मागे घेतला. "खाली ठेव ना."

"घे हातात," संगीता म्हणाली. "भांडण तं करून झालं आपलं."

उरलेली अर्धी पपई मी कापली. वाकडीतिकडी. तिला ते बोलून दाखवल्याशिवाय राहवलं नाही आणि मला ते ऐकून फार बरं वाटलं.

चाकू तिच्याकडे राहिला. ती तो कनवटीला खोचून मला एसटीपर्यंत सोडायला आली, बरोबर वांग्यांचं एक लहान पोतं. वर्ध्याहून संध्याकाळची गाडी मिळते, आरक्षण आधी करा, पोत्यासाठी खिडकीजवळची खालची सीट घ्या. डब्यात एका काकांनी चिवड्याचं पाकीट फोडायला काही आहे का म्हणून विचारलं. माझा हात पर्समध्ये गेला आणि तसाच परत आला.

घरी आले ती सकाळ. दोन दिवस, एक पोतं वांगी, पाठीत एसटीचा दणका. काय राहिलं म्हणाल तर धरणावरचे पाणकावळे राहिले, तर्रीचा तिखटपणा राहिला, आणि पर्सचा एक कप्पा रिकामा राहिला. त्याची मला अजून सवय झालेली नाही. पोतं ओट्यावर ठेवलं. तोंड सुतळीनं घट्ट आवळलेलं. कात्री नेहमीप्रमाणे सापडेना. मी संगीताला फोन लावला.

"पोचली का?"

"पोचले. पण हे पोतं कसं उघडू? चाकू तर तू घेतलास."

"पुण्याचीच राह्यली तू," ती म्हणाली. "सुतळीचं एक टोक लांब ठेवलं आहे पाय. ते ओढ. चाकू नाई तुह्याजवळ, म्हणून सुरगाठ मारली."

मी टोक ओढलं. गाठ अलगद सुटली आणि दोन वांगी ओट्यावरून घरंगळत खाली गेली. ती उचलायला मी वाकले, नवऱ्यानं चहा टाकला, मुलगी उठून आली, तरी दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नव्हता.